आग्रहाचं निमंत्रण

आमच्या गावातल्या कुठल्याही साहित्यिक कार्यक्रमाची पत्रिका हातात घ्या, तळाशी एक ओळ असतेच असते. ‘सर्व साहित्यप्रेमींना आग्रहाचं निमंत्रण.’ छापणारा ती विचारतसुद्धा नाही, मागच्या वर्षीच्या पत्रिकेतून उचलतो आणि घालतो. ‘सर्व’ म्हटलं की आपलं काम संपलं असं वाटतं. आता ज्यांना यायचं ते येतील, ज्यांना नाही ते नाही, आपण काही कुणाला दारातून परत पाठवलेलं नाही.

पांढुर्ण्यातलं आमचं बायकांचं वाचक मंडळ तसं लहानच. नोंदणी केलेलं, देणग्यांवर चालणारं, दोन लोखंडी कपाटं भरतील एवढी पुस्तकं असलेलं. वर्षातून चार-पाच कार्यक्रम. त्यातला सगळ्यात मोठा संक्रांतीनंतरचा. अनेक वर्षं त्याचं स्वरूप एकच होतं, हळदीकुंकू आणि कविसंमेलन. आधी वाण लुटायचं, मग कविता ऐकायच्या. बायका नटूनथटून यायच्या, हॉल भरायचा, फोटो चांगले निघायचे. आणि समारोपात कुणीतरी म्हणायचंच, की आपल्या मंडळात जातपात, धर्म, गरीब-श्रीमंत असं काही नाही हो, सगळ्यांना दार उघडं आहे.

दार उघडं होतं हे खरंच. पण हळदीकुंकवाला विधवा बाई येत नाही. बौद्ध घरातल्या कितीतरी जणींनी ही प्रथा कधीच सोडून दिलेली आहे, त्या येत नाहीत. मुसलमान शिक्षिका येऊन कोपऱ्यात बसणार कशी? म्हणजे कविता ऐकायच्या आधीच अर्धं गाव गाळलं गेलं होतं, आणि तेही कुणी कुणाला ‘येऊ नका’ न म्हणता. माझ्या घराच्या मागच्या गल्लीत एक मावशी राहतात. त्यांच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या इतक्या, की एक सुरू झाली की दुसरी तिच्या पदराला धरूनच येते. मी त्यांना एकदा म्हटलं, “मावशी, या ना कार्यक्रमाला.” त्या हसल्या. “मी पांढऱ्या कपायाची बाई, तिथं मायं काय काम जी?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्याला आपल्या घराचा रस्ता सांगावा तशा सहज बोलल्या.

समितीच्या बैठकीत मी विषय काढला. कविसंमेलन वेगळं करू, हळदीकुंकू ज्यांना करायचं त्यांनी घरी करावं. दोघी-तिघींना पटलं. पण आमच्यातल्या एका काकूंनी जो मुद्दा काढला त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या, “अगं, तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण आपल्याकडच्या कितीतरी सुना हळदीकुंकू आहे म्हणूनच घराबाहेर पडतात. कविता ऐकायला जाते म्हटलं तर सासू सोडेल का? वाण आणायला जाते म्हटलं की सोडते.” आता सांगा. एकीला आत आणायला दार रुंद करावं, तर दुसरीच्या हातातली बाहेर पडण्याची सबब काढून घेतल्यासारखं होतं. मला वाटतं, ‘सर्वसमावेशक’ हा शब्द ज्यांनी फक्त भाषणात वापरला आहे त्यांना ही अडचण माहीत नसते. बैठकीत सतरंजीवर बसून वेळ आणि जागा ठरवावी लागते, तेव्हा ती कळते.

हा प्रश्न काही आमच्या पांढुर्ण्यात जन्मला नाही. मराठी लेखकांचं पहिलं संमेलन १८७८ साली पुण्यात भरलं, अध्यक्ष न्यायमूर्ती रानडे. दुसरं १८८५ला, तेही पुण्यातच. त्या दुसऱ्या वेळी रानड्यांनी महात्मा फुल्यांनाही बोलावलं होतं. म्हणजे निमंत्रण आग्रहाचंच होतं. फुल्यांनी नकाराचं पत्र लिहिलं, आणि ते त्याच वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलं. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा, की जे लोक इतरांना माणुसकीचे हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसणार नाही. आम्हाला काय सोसावं लागतं ते तुमच्या लिहिण्यात कुठून येणार? बोलावणं आलं एवढ्यावर ते खूश झाले नाहीत. आत गेल्यावर कुणाच्या अटीवर बसायचं, हे त्यांनी आधी विचारलं. त्याच्या तीनच वर्षं आधी, १८८२मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं होतं. त्या सभेत ताराबाईंच्या पुस्तकाला जागा मिळाली असती असं मला तरी वाटत नाही. ते पुस्तक पुन्हा लोकांसमोर यायला १९७५ साल उजाडावं लागलं. मधली नव्वद वर्षं ते असून नसल्यासारखं.

बायकांचा हिशेब तर बोटांवर होतो. १८७८पासून २०२५च्या दिल्लीच्या संमेलनापर्यंत ९८ संमेलनं झाली. अध्यक्ष झालेल्या स्त्रिया सहा. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. एका हाताची बोटं संपतात आणि दुसऱ्या हाताचं एक लागतं. दलित लेखकाला तो मान मिळायला १९८४चं जळगाव यावं लागलं, शंकरराव खरात अध्यक्ष झाले तेव्हा. त्याआधी १९५८मध्ये दलित लेखकांनी मुंबईत स्वतःचं वेगळं संमेलन भरवलं होतं आणि त्याचं उद्घाटन अण्णाभाऊ साठ्यांनी केलं होतं. ज्यांना मांडवात जागा मिळाली नाही त्यांनी आपला मांडव घातला. मला हे फुल्यांच्या पत्राचंच पुढचं पान वाटतं.

आमच्या मध्यप्रदेशच्या बायकांनी मात्र एक गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी, मी तर ती भेटेल तिला सांगते. या सहांपैकी दोघींचं अध्यक्षपद आपल्या राज्यात झालं. कुसुमावतीबाई १९६१ला ग्वाल्हेरला, विजयाबाई २००१ला इंदूरला. पहिली स्त्री अध्यक्ष व्हायला ८३ वर्षं लागली, आणि ती झाली तेव्हा मांडव महाराष्ट्राबाहेर होता! यात काही विशेष कारण आहे की नुसता योगायोग, ते जाणकारांनी सांगावं. पण कुसुमावतीबाई तर आपल्या शेजारच्याच. अमरावतीच्या जयवंतांची मुलगी, नागपुरात शिकल्या, लंडनला जाऊन आल्या, नागपुरातच इंग्रजी शिकवलं. ‘दीपकळी’, ‘मोळी’ हे कथासंग्रह आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकावरचा तो मोठा अभ्यास त्यांचा. यजमान कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, त्यांच्या आधी तीनच वर्षं मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष झालेले. नवरा-बायको दोघंही अध्यक्ष! पण ग्वाल्हेरच्या त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाई गेल्या. अध्यक्षपदाचं वर्ष म्हणजे काय काय करता आलं असतं, ते करायला त्यांना आयुष्यच उरलं नाही. त्यांच्यानंतर दुसरी स्त्री अध्यक्ष व्हायला १४ वर्षं लागली, १९७५च्या कऱ्हाडला दुर्गाबाई.

अध्यक्ष निवडायची पद्धत पूर्वी मतदानाची होती. मतदार हजारभर, तेही संस्थांनी ठरवलेले. उमेदवारांनी गावोगाव फिरून, फोन करून मतं मागायची. ज्या बाईला घर, नोकरी, म्हातारी माणसं सांभाळून लिहावं लागतं ती मतं मागत कुठे फिरणार? पुढे महामंडळाने निवडणूक काढून टाकली आणि अध्यक्ष एकमताने ठरवायला सुरुवात केली, तर त्या नव्या पद्धतीत पहिलंच नाव निघालं २०१९च्या यवतमाळला अरुणाताई ढेऱ्यांचं. नियम बदलला की माणूस बदलतं, हे मी त्यातून शिकले. त्याच यवतमाळला उद्घाटनासाठी बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, आणि मग उद्घाटन केलं ते आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने, वैशाली येडे यांनी. एकाच संमेलनात एका बाईला ‘येऊ नका’ आणि दुसरीला ‘या’. दुसरीला बोलावलं ते चांगलंच केलं. पण पहिलीला नको म्हटलं, ते त्याने भरून निघत नाही.

हे सगळं मोठ्या संस्थांचं झालं. आम्ही सीमेवरचे लोक स्वतःला नेहमी वगळलेल्यांच्या बाजूला धरतो, आणि त्याला कारणही आहे. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत नागपूर ही आमची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर-पांढुर्णा इकडेच राहिलं. घरात मराठी, शाळेत हिंदी, तहसीलमध्ये हिंदी. २०२३मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, पण पाटीवरची भाषा तीच. लेखनस्पर्धेचं एक पत्रक मागे माझ्या हाती आलं होतं. विषय छान, बक्षीस छान, आणि खाली अट, ‘महाराष्ट्रातील लेखिकांसाठी’. मी ते घडी घालून पुस्तकात ठेवलं. पिनकोड ४८०ने सुरू होतो म्हणून बाईचं मराठी कमी मराठी होतं का?

माझ्या बाबतीत तर ते दुहेरी असतं. आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, “तुम्ही जैन ना? मग घरी मारवाडी बोलता की गुजराती?” आम्ही सैतवाल. माहेर कारंजा लाड. आजीच्या आजीपासून घरात मराठीशिवाय दुसरं काही नाही. कारंजाच्या मंदिरांतल्या ग्रंथभांडारांत जुन्या मराठीतल्या जैन पोथ्या आहेत. गुणकीर्तींचं ‘धर्मामृत’ हे तर जुनं मराठी गद्य. मी मराठी साहित्य घेऊन बी.ए. केलं, पण तीन वर्षांत वर्गात हे नाव एकदाही ऐकलं नाही. श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या पायाशी मराठी शिलालेख आहे हे सगळे कौतुकाने सांगतात, आणि समोर मराठी बोलणारा जैन दिसला की चकित होतात. गंमतच आहे.

पण मैत्रिणींनो, वगळलेल्यांच्या रांगेत उभं राहून मागे वळून पाहिलं तर आपल्याही मागे रांग असते. आमच्या जिल्ह्यात भोयर पवारांच्या घरात पवारी बोलतात. गोंडी आहे. हिंदीपुढे मराठीचं काय होणार म्हणून आम्ही बैठकीत गळा काढतो, तेव्हा पाणी देणारी मुलगी आपल्या आईशी कुठल्या भाषेत बोलते हे आमच्यातल्या कुणी विचारलेलं नसतं. दुर्गाबाई भागवत अभ्यासासाठी मध्य प्रांतातल्या गोंडांमध्ये फिरल्या होत्या. आम्ही तर इथेच राहतो, बसस्टँडपर्यंतसुद्धा जावं लागत नाही. आणि जिला आम्ही अगदी ‘आपली मराठी’ म्हणतो तिच्यातही दोन मजले आहेत. ‘मला’ म्हणणारी वरच्या मजल्यावर, ‘मले’ म्हणणारी खालच्या. इथूनच वरूड-मोर्शी करत गेलं की रिद्धपूर लागतं, महानुभावांचं. मराठीतली आद्य कवयित्री महदाइसा त्याच परंपरेतली. तिचं बोलणं आजच्या प्रमाण मराठीच्या परीक्षेत पास झालं असतं का, विचार करून बघा.

आता मंडळाकडे येते. दोन वर्षांपूर्वी आम्ही हळदीकुंकू आणि कविसंमेलन वेगळं केलं. म्हणजे पूर्ण वेगळं नाही, त्या काकूंचा मुद्दा डोक्यात होता. वाण ठेवलं, पण दारात ठेवलं, येईल तिच्या हातात, कपाळ न बघता. वाण म्हणून एक पातळ पुस्तक आणि तिळगूळ. सासूला सांगायला ‘वाण’ हा शब्द शिल्लक राहिला. पहिल्या वर्षी दोन बायका रागावून आल्या नाहीत. एकीने मला फोनवर ऐकवलं, “तुम्हा लोकांना आमच्या रीतीभातीचं काय?” ‘तुम्हा लोकांना’ या शब्दांत मी किती दूर उभी आहे ते मला मोजून सांगितलं गेलं. पण त्याच वर्षी मागच्या गल्लीतल्या मावशी आल्या. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, चपला दिसतील अशा बेताने बसल्या.

वेळेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दुपारचे ३ ही आम्हा घरात असणाऱ्यांच्या सोयीची वेळ. जेवणं आटोपलेली, भांडी घासणारी येऊन गेलेली. पण जानेवारीत कापसाचा वेचा चालू असतो. वावरात जाणारी बाई ३ वाजता कशी येणार? मजुरी बुडते. तिच्यासाठी संध्याकाळचे ७ ठेवावेत, तर सुनांची स्वयंपाकाची वेळ, आणि आम्हा जैन बायकांचं सूर्यास्तानंतर खाणं बंद. यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. माझ्यासाठी मंडळ बिनकांदालसणाची प्लेट वेगळी काढून ठेवतं, दिवस मावळायच्या आत माझ्या हातात देतं, आणि वर कौतुकाने सांगतं की बघा, आम्ही सगळ्यांची काळजी घेतो. माझं वेगळेपण एका प्लेटीत भागतं. त्याला पैसे लागत नाहीत, आणि आमच्या घरची देणगीही दरवर्षी येते, ते विसरून चालणार नाही. वेचणाऱ्या बाईचं वेगळेपण प्लेटीत मावत नाही. त्यासाठी सगळ्यांची वेळ बदलावी लागते, कधी बुडालेल्या मजुरीचे पैसे द्यावे लागतात. ते पैसे मानधन म्हणून द्यायचे का, यावर आमची एक पूर्ण बैठक गेली. नागपूरहून येणाऱ्या कवयित्रीला गाडीभाडं आणि पाकीट देताना कधी चर्चा झाली नव्हती. गावातल्या बाईला दिले तर ती ‘मदत’ होते म्हणे, आणि मदतीला ठराव लागतो. मी म्हटलं, ओव्या म्हणायला बोलावतो आहोत, धान्य वाटायला नाही. शेवटी दोघींना एकच रक्कम द्यायची असं ठरलं. नागपूरवाल्या ताईंना हे कळलं तेव्हा त्यांनी स्वतःच पाकिटावर सही करायच्या आधी म्हटलं, “बरोबर केलंत.” त्यांचं मला फार बरं वाटलं.

सौंसरच्या मैत्रिणींनी आमच्याहून सोपी वाट काढली. त्यांनी हॉलच सोडून दिला. एका वेळी एका मोहल्ल्यात, कुणाच्या तरी ओसरीवर बसतात. माइक नाही, पाहुणे नाहीत, हार नाहीत. एक जण वाचते, बाकीच्या मेथी निवडत ऐकतात. पंधरा बायका जमल्या तरी पुष्कळ. देणगीदारांना हे आवडत नाही, कारण फोटोत काही दिसत नाही. मला मात्र ते आवडतं. एवढं खरं की अशा बैठकीतून कुणी कवयित्री म्हणून नागपूरला जाणार नाही. मोठ्या व्यासपीठाचाही हक्क असतो, ओसरीवर समाधान मानायला बायकांना पिढ्यानपिढ्या सांगितलंच आहे.

ताराबाई भवाळकर दिल्लीत अध्यक्ष झाल्या तेव्हा मला विशेष आनंद झाला तो याचसाठी. त्यांचं आयुष्य बायकांच्या ओव्या, लोककथा, लोककला यांच्या अभ्यासात गेलं. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, त्यानंतरचं पहिलंच संमेलन ते. त्या मांडवात जात्यावरच्या बाईची बाजू जाणणारी अध्यक्ष बसली. बहिणाबाईंच्या ओव्या लिहून घेणारं घरात कुणी नसतं, तर १९५१ला त्यांच्याबरोबरच त्या गेल्या असत्या. हे लक्षात ठेवून मी गेल्या उन्हाळ्यापासून मावशींकडे वही घेऊन बसते. आठवड्यातून दोनदा, पोळ्या झाल्या की.

तिथे नवीनच पेच. त्या ‘काया’ म्हणतात. मी ‘काळा’ लिहू की ‘काया’? ‘काया’ लिहिलं तर वाचणारी शरीर समजेल. ‘काळा’ लिहिलं तर ओवीचा ताल अडखळतो, आणि ती मावशींची राहत नाही. मी त्यांनाच विचारलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “मी जशी म्हणतो तशीच लिव. ज्याले समजन नाही तो इचारन.” बाई असून ‘म्हणतो’, हेसुद्धा आमच्याकडचंच. मी तसंच लिहिते आहे. मंडळातल्या दोघींचं मत आहे की पुस्तक काढायचं तर शुद्ध करूनच काढावं, नाहीतर बाहेरचे हसतील. बाहेरचे म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

वहीत आतापर्यंत ६३ ओव्या झाल्या आहेत. छपाईच्या खर्चाचा अंदाज आणला, एक देणगीदार तयारही आहेत, पण मुखपृष्ठावर त्यांच्या कैलासवासी आईंचा फोटो हवा म्हणतात. मी म्हटलं, आईंचं नाव आत अर्पणपत्रिकेत घालू, वर मावशींचं नाव राहू द्या. ते विचार करून कळवतो म्हणाले आहेत. मावशींना अजून यातलं काही सांगितलेलं नाही. परवा गेले तर त्यांना आणखी दोन आठवल्या होत्या, एक भावाची आणि एक पऱ्हाटीची. त्या लिहून घ्यायच्या आहेत.